पारडे आणि पासंग : युद्धकथेतील योजलेल्या समतोलाविषयी

मे १८७१ च्या ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’ ही दीर्घकथा लेखकाच्या नावाविना प्रसिद्ध झाली. प्रशियाने फ्रान्सचा केलेला पराभव तेव्हा अगदी ताजा होता, आणि एखादी लष्करी महासत्ता काही आठवड्यांत कोसळू शकते हे युरोपने नुकतेच पाहिले होते. जर्मन बोलणारे, पण कथेत नाव घेऊन न सांगितलेले सैन्य इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर उतरते, डॉर्किंगजवळच्या टेकड्यांवर ब्रिटिश फौजेचा धुव्वा उडवते आणि साम्राज्य लयास जाते, ही तिची हकीकत. पन्नास वर्षांनंतर एक वृद्ध स्वयंसेवक सैनिक ती आपल्या नातवंडांना सांगतो आहे. लेखक जॉर्ज टॉम्किन्स चेस्नी हे बंगाल इंजिनिअर्समधील अधिकारी. १८५७ साली दिल्लीच्या वेढ्यात ते जखमी झाले होते. पुस्तिकेच्या रूपात ही कथा हजारोंनी खपली, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना व्हिटबी येथील भाषणात तिने उठवलेल्या घबराटीविरुद्ध जाहीरपणे बोलावे लागले.

भावी युद्धाची कथा हा वाङ्मयप्रकार इथून रूढ झाला असे सामान्यतः मानले जाते. आय. एफ. क्लार्क यांच्या ‘व्हॉइसेस प्रॉफेसाइंग वॉर’ (१९६६) या ग्रंथाने या प्रकाराचा इतिहास प्रथम सविस्तर मांडला. मात्र क्लार्क यांचे लक्ष प्रामुख्याने भाकिताकडे आणि लोकमताकडे आहे : कोणी काय ओळखले, कोणाचे काय चुकले. या कथांच्या रचनेचा एक प्रश्न त्यामुळे थोडा बाजूस राहतो. तो असा की, युद्ध करणाऱ्या दोन पक्षांचे वास्तवातील बळ विषम असताना कथेत त्यांना एकमेकांसमोर उभे कसे करायचे?

चेस्नींची अडचण उघड होती. १८७१ मध्ये ब्रिटिश आरमाराच्या तोडीचे दुसरे आरमार जगात नव्हते, आणि ते खाडीत उभे असेपर्यंत परकी सैन्य इंग्लंडच्या किनाऱ्यावर पाऊलही टाकू शकत नव्हते. म्हणजे डॉर्किंगची लढाई होण्यासाठी आधी आरमार हलवणे भाग होते. चेस्नी ते कथेच्या आरंभीच्या काही वाक्यांत हलवतात. काही जहाजे वेस्ट इंडीजच्या रक्षणास गेली आहेत, काही चीनच्या समुद्रात, आणि बराच मोठा भाग अमेरिकेच्या उत्तर पॅसिफिक किनाऱ्यावरील वसाहती सांभाळण्यात गुंतला आहे. सैन्याचेही तेच. हिंदुस्थानातील उठावाने त्याचा एक हिस्सा गिळला, १०,००० सैनिक कॅनडाच्या संरक्षणासाठी रवाना झाले, आणि उरलेल्यांतील निम्मे फेनियनांच्या भीतीने आयर्लंडमध्ये अडकून पडले. एवढ्यानेही भागत नाही, कारण मायदेशात काही लढाऊ जहाजे शिल्लक राहतातच. त्यांच्यासाठी शत्रूकडे पाण्यातील काही अद्भुत विनाशक यंत्रे आहेत. त्यांचे वर्णन कथेत नाही. त्यांच्यामुळे जहाजे बुडाली एवढेच कळते.

ॲरिस्टॉटलच्या संभाव्यतेच्या निकषावर हे तपासून पाहण्याजोगे आहे. यांतील प्रत्येक घटना सुटी घेतली तर शक्य कोटीतील आहे. १८७१ च्या वाचकाला तर त्यांतील बहुतेक भीती वर्तमानपत्रांतून परिचित होत्या. अशक्यप्राय आहे तो त्यांचा एकाच उन्हाळ्यात जुळून आलेला मेळ. वाचकाला तो खटकत नाही, याचे श्रेय पुढील भागाच्या लेखनशैलीला द्यावे लागते. स्वयंसेवकांची गोंधळलेली कूच, वेळेवर न येणारी रसद, तहान, धुक्यातील प्रतीक्षा, आदेशांचा परस्परविरोध हे सारे चेस्नींनी अनुभवी सैनिकाच्या नजरेने टिपले आहे. लहान तपशील इतका खरा आहे की मोठ्या रचनेतील मनमानी त्याच्या आड झाकली जाते. पुढील शंभर-सव्वाशे वर्षे या वाङ्मयप्रकाराने हीच रीत चालवली : बंदुकीचा चाप खरा, युद्धाचे कारण बनावट.

मराठीत या युक्तीसाठी नेमका शब्द आहे. तराजूची दोन पारडी मुळात सारखी नसली की हलक्या पारड्याला एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा बांधतात, तो पासंग. पासंगाचा धर्म असा की तो वजन करतो, पण मालाच्या हिशेबात धरला जात नाही. चेस्नींच्या कथेत हिंदुस्थानातील उठाव हा असा पासंग आहे. कोण उठले, कशासाठी उठले, त्याचे पुढे काय झाले, याविषयी कथेला कसलेही कुतूहल नाही. १८५७ नंतर केवळ १४ वर्षांनी, त्या युद्धात स्वतः रक्त सांडलेल्या माणसाने, त्याची भावी पुनरावृत्ती एका उपवाक्यात आटोपावी, ही गोष्ट लेखकाच्या विस्मरणाची नव्हे, वाङ्मयप्रकाराच्या गरजेची निदर्शक आहे. कारण विषयाचे चेस्नींना वावडे नव्हते. १८७६ मध्ये त्यांनी ‘द डायलेमा’ ही कादंबरी १८५७ वरच लिहिली आणि तिच्यात वेढ्यात सापडलेल्या ब्रिटिशांच्या बचावाला भरपूर जागा दिली. तेथे हिंदी माणूस शत्रू आहे, म्हणून दिसतो. डॉर्किंगच्या कथेत तो शत्रू नाही आणि मित्रही नाही; फक्त वजन आहे.

पारडी जुळवण्याची ही खटपट आधुनिक लेखकांची निर्मिती आहे असे मात्र नव्हे. ‘इलियड’मध्ये झ्यूसच्या हातात प्रत्यक्ष सोन्याचा तराजू आहे. ग्रीकांची बाजू इतकी वरचढ आहे की अकिलीझ रणात असेपर्यंत ट्रोजनांना तटाबाहेर येणे कठीण. म्हणून त्याला रुसवून तंबूत बसवावे लागते. महाभारतात कौरवांकडे ११ अक्षौहिणी आणि पांडवांकडे ७. ही विषमता एकेका पर्वात कशी भरून काढली जाते हे पाहिले की व्यासांची योजकता ध्यानात येते. कर्णाची कवचकुंडले युद्धापूर्वीच काढून घेतली जातात. शिखंडीवर शस्त्र न उचलण्याच्या प्रतिज्ञेने भीष्म बांधले जातात. अर्जुनासाठी जपून ठेवलेली वासवी शक्ती घटोत्कचावर खर्ची पडते. लष्करी हिशेबाने हेही पासंगच. परंतु अकिलीझचा कोप हाच त्या काव्याचा विषय आहे. कवचकुंडले देणे हे कर्णाच्या दानशीलतेचे टोक आहे, आणि घटोत्कचाच्या मृत्यूनंतर कृष्णाला होणारा आनंद वाचकाला आजही अस्वस्थ करतो. तेथे पासंगाला स्वतःचे दुःख आहे, आणि ते कथेच्या हिशेबात धरले जाते. महाकाव्य आणि आधुनिक लष्करी कादंबरी यांच्यातील खरा भेद अद्भुताच्या प्रमाणात शोधण्यापेक्षा इथे शोधावा.

ऐतिहासिक कादंबरीकाराची स्थिती या दोहोंहून वेगळी. त्याला पारड्यात काही टाकता येत नाही आणि काढताही येत नाही. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठी फौज उपासमारीने खंगून पानिपतच्या छावणीबाहेर पडली, हे विश्वास पाटील यांच्या ‘पानिपत’ला (१९८८) जसे बदलता येत नाही तसे कोणालाच येणार नाही. त्याच्या हाती उरतो तो केवळ कालावकाश. इब्राहिमखान गारद्याच्या पलटणींनी सकाळी रोहिल्यांची केलेली दाणादाण आणि दुपारपर्यंतचा आशेचा काळ पानिपतावरील मराठी लेखनात किती विस्ताराने येतो, याचे एक कारण हेच असावे. बळ समान करता येत नाही, तेव्हा वेळ लांबवली जाते.

भविष्यात युद्ध रचणाऱ्याला असा कोणताच पायबंद नसतो, आणि तो नसला म्हणजे काय होते याचा सर्वांत उघडावाघडा नमुना म्हणजे विल्यम ल क्यू यांची ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’. ही कादंबरी १९०६ मध्ये ‘डेली मेल’मधून क्रमशः आली. जर्मन आक्रमणाचा मार्ग आखण्यास फील्ड मार्शल लॉर्ड रॉबर्ट्‌स यांनी साहाय्य केले होते, तेच रॉबर्ट्‌स ज्यांची बरीचशी कारकीर्द हिंदुस्थानात गेली. परंतु लष्करीदृष्ट्या योग्य असा हा मार्ग लहान खेड्यांतून जात होता, आणि तिथे वृत्तपत्राचे ग्राहक नव्हते. मालक नॉर्थक्लिफ यांनी तो बदलायला लावला. शत्रू आता अशा गावांतून पुढे सरकू लागला जिथे अंक खपेल. कथानकाला बाहेरून वळण देणारी शक्ती इतक्या स्पष्टपणे क्वचितच दृष्टीस पडते. जर्मन आवृत्तीत शेवट जर्मनांना सोयीचा करण्यात आला, ही गोष्टही बोलकी आहे. जी संहिता शेवटची पाने बदलून दुसऱ्या पक्षाला विकता येते, तिच्यातील समतोल किती वरवरचा असेल! पी. जी. वुडहाऊस यांनी १९०९ च्या ‘द स्वूप!’मध्ये एकाच वेळी नऊ सैन्ये इंग्लंडवर उतरवून या साऱ्या प्रकाराची टर उडवली. ती वाचल्यावर ल क्यू गंभीरपणे वाचणे अवघड होते.

एच. जी. वेल्स यांचे उदाहरण अधिक गुंतागुंतीचे आहे. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्‌स’ पुस्तकरूपाने १८९८ मध्ये आली. मंगळवासी ज्या सरे परगण्यात उतरतात, त्याच परगण्यात डॉर्किंग आहे. पण वेल्स पारडी जुळवण्याचे साफ नाकारतात. त्यांच्या कथेत मानवी सैन्याला प्रतिकाराची खरी संधी जवळजवळ नाहीच, आणि ही विषमता इंग्रज वाचकाला कोठून ओळखीची असावी हे ते पहिल्याच प्रकरणात टास्मानियातील आदिवासींच्या संहाराचा उल्लेख करून सुचवतात. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात सुदानमध्ये ओमदुर्मान येथे ब्रिटिश-इजिप्शियन फौजेच्या मॅक्सिम तोफांपुढे सुमारे १०,००० महदीवादी एका सकाळीत मारले गेले. दुसऱ्या बाजूचे मृत ५० देखील नव्हते. ब्रिटिश सैन्य त्या काळात प्रत्यक्ष लढत होते ती युद्धे अशी होती. लोकप्रिय युद्धकथा मात्र तुल्यबळ युरोपीय शत्रूच्या शोधात होती. वेल्स यांनी हा शोध सोडला, आणि त्याची किंमतही त्यांना मोजावी लागली. विषमता इतकी पूर्ण ठेवल्यावर कथा संपवायला माणसाच्या हाती काही उरत नाही. शेवटी जंतूंना पाचारण करावे लागते. हाही पासंगच, पण तो शेवटी टाकलेला आणि उघड दिसणारा. शिवाय जेत्यांना वसाहतींत मारणारे रोग इथे वसाहत करणाऱ्यावर उलटतात, त्यामुळे त्याला अर्थ लाभतो.

याच वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे शिशाच्या शिपायांनी खेळायच्या युद्धखेळाचे पुस्तक लिहिले, आणि त्यात दोन्ही बाजू समान ठेवल्या. यात विसंगती वाटण्याचे कारण नाही. खेळ म्हटला की बुद्धिबळाप्रमाणे दोन्हीकडे सोळा-सोळा मोहरी हवीत. लष्करी प्रशिक्षणातील खेळाला मात्र हे बंधन कधीच नव्हते. लेफ्टनंट राइसविट्झ यांनी १८२४ मध्ये प्रशियाच्या सेनाधिकाऱ्यांपुढे मांडलेल्या ‘क्रीगस्पील’मध्ये पंच होता, नकाशा होता, फासे होते, दोन्ही पक्ष समबल असलेच पाहिजेत अशी अट नव्हती. दुर्बळ बाजूने माघार कशी घ्यावी हाही तेथे शिकण्याचा विषय होता. समतोलाची सक्ती येते ती करमणुकीबरोबर. युद्धकथा या दोन खेळांच्या मध्ये उभी आहे : तिला अधिकाराची भाषा पहिल्याची हवी असते आणि उत्कंठा दुसऱ्याची.

हेक्टर बायवॉटर यांच्या ‘द ग्रेट पॅसिफिक वॉर’मध्ये (१९२५) ही ओढाताण उत्तम दिसते. बायवॉटर हे ब्रिटिश नौदल-पत्रकार, आकडेवारीत मुरलेले. १९२२ च्या वॉशिंग्टन तहाने ब्रिटन, अमेरिका आणि जपान यांच्या मोठ्या युद्धनौकांचे प्रमाण ५:५:३ असे ठरवून दिले होते, म्हणजे पारडी कायद्यानेच विषम होती. त्यांच्या कादंबरीत १९३१ मध्ये युद्ध पेटते, आणि आरंभीच एक जपानी मालवाहू जहाज पनामा कालव्याच्या खिंडीत स्फोट होऊन कालवा बुजवते. अमेरिकेच्या आरमाराचे दोन भाग एका तडाख्यात एकमेकांपासून तुटतात. ५:३ चे प्रमाण काही महिन्यांपुरते जवळपास बरोबरीला येते, आणि तेवढ्या काळात फिलिपीन्स व ग्वाम पडतात. पुढे अमेरिका एकेक बेट घेत पश्चिमेकडे सरकते आणि आपले स्वाभाविक वजन परत मिळवते. या एका युक्तीपुरती बायवॉटर यांची रचना चेस्नींहून सरस म्हणावी लागेल, कारण त्यांचा पासंग युद्धाच्या भूगोलातूनच येतो.

दुसऱ्या महायुद्धानंतर अण्वस्त्रांनी या कारागिरीपुढे निराळीच अडचण उभी केली. आता दोन्ही पारडी समान होती, पण ती समानता कथा संपवणारी होती. जनरल सर जॉन हॅकेट यांच्या ‘द थर्ड वर्ल्ड वॉर : ऑगस्ट १९८५’चे (१९७८) रहस्य इथे आहे. हॅकेट १९४४ मध्ये आर्नहेमला लढलेले, पुढे नाटोच्या उत्तर जर्मनीतील सेनागटाचे प्रमुख आणि त्यानंतर लंडनच्या किंग्ज कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्या कथेत सोव्हिएत फौजा पश्चिम जर्मनीत घुसतात आणि थोडक्यात रोखल्या जातात. पश्चिमेने १९७८ नंतरच्या वर्षांत संरक्षणावर खर्च वाढवला म्हणून हे जमले, असे कथा सुचवते. धोका इतका मोठा हवा की खर्च पटावा, आणि इतका मोठा नको की तो व्यर्थ वाटावा. समतोलाची मात्रा इथे अर्थसंकल्पावरून ठरलेली आहे. मग अण्वस्त्रांचे काय? एक सोव्हिएत क्षेपणास्त्र बर्मिंगहॅम नष्ट करते. उत्तरादाखल मिन्स्क नष्ट केले जाते. आणि दोन्ही बाजू तेथेच थांबतात. शहरास शहर. सोव्हिएत सत्ता मग आतून कोसळते, त्यात युक्रेनी राष्ट्रवादाचा वाटा असतो. दोन मोठ्या शहरांतील लाखो माणसे जमाखर्चाच्या दोन बाजूंना समान रकमेसारखी मांडलेली पाहून एखाद्या वाचकाला जो धक्का बसेल, तो पुस्तकाच्या शांत, अहवालवजा निवेदनात कोठेही प्रतिबिंबित झालेला नाही. हॅरॉल्ड कॉइल यांनी ‘टीम यँकी’ (१९८७) हॅकेट यांच्याच या युद्धात बसवली, आणि बर्मिंगहॅम-मिन्स्कचा हिशेब आयता उचलला.

टॉम क्लॅन्सी यांच्या ‘रेड स्टॉर्म रायझिंग’मध्ये (१९८६) हे तंत्र कळसाला पोहोचले. नाविक युद्धाच्या ‘हार्पून’ (१९८०) या खेळाचे कर्ते लॅरी बाँड तिच्या लेखनात सहभागी होते, आणि विमानवाहू नौकांवरील हल्ल्याचे प्रसिद्ध प्रकरण आधी या खेळाद्वारे खेळून पाहण्यात आले होते. कादंबरीची घडण पाहिली तर ती लंबकासारखी आहे. सोव्हिएत रणगाडे संख्येने अधिक. म्हणून पहिल्याच रात्री अमेरिकेची रडारला न दिसणारी विमाने त्यांचे पूल आणि टेहळणी विमाने उद्ध्वस्त करतात. अटलांटिकात नाटो वरचढ. म्हणून सोव्हिएत सैनिक मालवाहू जहाजात लपून आइसलँड बळकावतात आणि पाणबुड्यांची चाहूल घेणारी साखळी निकामी होते. अमेरिकन लढाऊ विमाने अभेद्य. म्हणून त्यांना फसव्या लक्ष्यांकडे ओढले जाते आणि बॉम्बफेकी विमानांना वाट मोकळी होते. काही प्रकरणांनंतर पाणबुड्यांवरून सुटलेली क्षेपणास्त्रे याच विमानांचे तळ गाठतात. प्रत्येक चढाईला उतार पुरवला आहे. खेळाचा अनुभव असलेल्या लेखकाला वाचकाची उत्कंठा केव्हा ढिली पडते हे बरोबर कळते, आणि त्या दृष्टीने ही कारागिरी निर्दोष म्हणावी अशी आहे. अण्वस्त्रे शेवटपर्यंत म्यानात राहतात, आणि ती बाहेर येण्याची वेळ येताच मॉस्कोत सत्तापालट होतो.

आणि या प्रचंड यंत्राला गती कोण देते? नीझ्नेवार्तोव्स्क येथील तेलशुद्धीकरण केंद्र उडवून देणारे तीन अझरबैजानी मुसलमान. ते पहिल्या प्रकरणात मरतात. तेलाच्या टंचाईमुळे युद्ध सुरू होते. आणि सातशेवर पानांच्या या कादंबरीत त्यांचा समाज, त्यांचा राग, त्यांचा देश पुन्हा फिरकत नाही. ज्याच्यावर दोन्ही पक्ष उतरतात त्या आइसलँडच्या जनतेचे प्रतिनिधित्व मुख्यतः एका तरुणीकडे आहे, आणि तिची कथेतील कामगिरी अत्याचार सोसण्याची आणि अमेरिकन अधिकाऱ्याकडून वाचवले जाण्याची. चेस्नींपासून क्लॅन्सींपर्यंत ११५ वर्षांत शस्त्रे ओळखू न येण्याइतकी बदलली; उपवाक्यात राहणारी माणसे मात्र तीच राहिली. या प्रकाराच्या समीक्षेत तांत्रिक अचूकतेची जेवढी चर्चा झाली त्याच्या पासंगालाही पुरेल एवढी चर्चा या माणसांची झालेली नाही.

राल्फ पीटर्स यांची ‘रेड आर्मी’ (१९८९) हा अपवाद नोंदवला पाहिजे. स्वतः अमेरिकन सैन्यात गुप्तवार्ता-अधिकारी असलेल्या या लेखकाने कथा सोव्हिएत सैनिकांच्या दृष्टीतून सांगितली आणि त्यांना जिंकू दिले. शस्त्रांच्या नावांचा सोस तिच्यात जवळपास नाही, आणि तिच्यात थकवा, भीती, अधिकाऱ्यांतील असूया यांना जागा मिळाली आहे. पारडी जुळवण्याचे ओझे उतरले की माणसे दिसू लागतात, असे ती वाचताना वाटते. प्रकाशनानंतर काही महिन्यांतच बर्लिनची भिंत पडली, आणि पुस्तक जुने झाले.

१९९१ मध्ये या लेखकांचा शत्रूच नाहीसा झाला. त्याच वर्षाच्या आरंभी आखाती युद्धात जमिनीवरील मुख्य लढाई सुमारे १०० तासांत आटोपली, आणि वास्तवातील विषमता दूरदर्शनच्या पडद्यावर घरोघर दिसली. समबल प्रतिस्पर्धी आता कोठून आणायचा? क्लॅन्सी यांनी ‘डेट ऑफ ऑनर’मध्ये (१९९४) जपानला उभे केले. एवढी दरी बुजवण्यासाठी तेवढाच मोठा भराव हवा. अमेरिकेची आंतरखंडीय क्षेपणास्त्रे तहाने आधीच नष्ट झाली आहेत. संयुक्त सरावात ‘अपघाताने’ सुटलेल्या जपानी पाणतीरांनी दोन विमानवाहू नौका निकामी होतात. दोन पाणबुड्या बुडतात. न्यूयॉर्कच्या शेअरबाजाराच्या नोंदीच पुसल्या जातात. जपानकडे गुप्तपणे अण्वस्त्रे आली आहेत. तरीही पारडे पुरते झुकत नाही, कारण अमेरिकेच्या आणखी दोन विमानवाहू नौका शिल्लक आहेत. त्या पॅसिफिकपासून दूर ठेवणे आवश्यक असते, आणि त्या हिंदी महासागरात अडकून पडतात, कारण भारताचे आरमार श्रीलंकेला धमकावत समुद्रात उभे आहे.